‘सिमर’ करा म्हणजे नक्की काय करायचं? इंग्रजी पाककृती वाचायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

इंग्रजी पाककृतीत ‘सिमर’ हे क्रियापद इतक्या वेळा येतं की वाचणारा त्यावर थांबतच नाही. गॅस बारीक करायचा असेल असं धरून तो बटण शेवटपर्यंत फिरवतो आणि पुढच्या ओळीवर जातो. मग तासाभरानंतरही सॉस पातळच राहतो, बीन्स दाताखाली कचकचतात. किंवा उलट होतं. आच मोठीच राहते, रस्सा खळखळत राहतो, बटाट्याचा गाळ होतो आणि मांस मात्र चिवट ते चिवटच.

नव्याने शिकणाऱ्यांच्या शेजारी उभं राहून मी हे बऱ्याचदा पाहिलं आहे. अडतं ते जवळजवळ नेहमी एकाच ठिकाणी. शेगडीच्या बटणावर ‘सिम’ लिहिलेलं असतं, आपण दिवसभर ‘गॅस सिम कर’ म्हणतो, त्यामुळे सिमर म्हणजे बटणाची एक जागा असं डोक्यात बसतं. पाककृती लिहिणारा मात्र पातेल्यात काय चाललंय त्याबद्दल बोलत असतो. मोठ्या पातेल्यातलं चार लिटर सूप सिमर करायला मध्यम आच लागू शकते आणि छोट्या भांड्यातल्या वाटीभर सॉसला सर्वांत लहान ज्योतही जास्त होऊ शकते. तेव्हा बटणावरची नजर काढा आणि द्रवाकडे बघा. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

आधी हे जवळ असू द्या

जाड बुडाचं पातेलं सर्वांत महत्त्वाचं. पातळ बुडाच्या भांड्यात ज्योतीच्या बरोबर वरचा भाग भलताच तापतो. मधोमध खळखळाट, कडेला सामसूम, आणि तळाला लागलेलं. त्यावर नीट बसणारं झाकण हवं. ढवळायला सपाट कडेचा लाकडी चमचा किंवा उलथनं घ्या, म्हणजे तळ खरवडता येतो. फेस काढायला झारा किंवा पळी, आणि वेळ लावायला घड्याळ.

स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सुरुवातीला फार उपयोग होतो. त्याची सुई द्रवाच्या मध्यावर धरा, तळाला टेकवू नका. तळाला टेकली की भांड्याचं तापमान दिसतं. तो बरोबर आहे का हे पाहायचं असेल तर बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी एकत्र करून त्यात बुडवा, शून्य अंश दाखवायला हवा.

शेगडीची सर्वांत बारीक ज्योतही जास्त होत असेल तर ‘हीट डिफ्यूझर’ नावाची धातूची चकती मिळते. ती बर्नर आणि भांडं यांच्या मध्ये ठेवतात. ती नसली तर जुना जाड तवा तेच काम करतो.

१. अर्थ पक्का करा

सिमर करणं म्हणजे द्रव उकळीच्या जरासं अलीकडे धरून ठेवणं आणि त्यात पदार्थ शिजू देणं. आकड्यांत सांगायचं तर साधारण ८५ ते ९६ अंश सेल्सिअस. अमेरिकी पाककृतीत फॅरनहाइट असतं, तिथे हेच १८५ ते २०५ च्या आसपास दिसेल. वेगवेगळी पुस्तकं या सीमा दोन-चार अंशांनी इकडेतिकडे आखतात, त्याचं फार मनावर घेऊ नका. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना, म्हणजे २१२ फॅरनहाइटला उकळतं; सिमर त्याच्या खाली, एवढं धरून चाला.

मराठीत सांगताना ‘मंद आचेवर रटरटू द्या’ हे सर्वांत जवळचं. पाककृती कुणासाठी मराठीत उतरवत असाल तर तिथे ‘उकळा’ लिहू नका, वाचणारा खरंच उकळेल. नुसतं ‘शिजवा’ लिहिलंत तर आच किती ठेवायची हेच त्याला कळणार नाही.

वाक्यात हे क्रियापद दोन्हीकडे चालतं. ‘सिमर द सॉस’ म्हटलं की करणारे तुम्ही; ‘लेट द सॉस सिमर’ म्हटलं की सॉस आपला आपण रटरटतो. नाम म्हणूनही येतं: ‘ब्रिंग टू अ सिमर’, ‘कीप ॲट अ सिमर’. आणि ‘सिमरिंग वॉटर’ म्हणजे त्या अवस्थेतलं पाणी. शब्द सतराव्या शतकापासून या रूपात दिसतो. त्याआधी तो ‘सिंपर’ असा होता आणि मंद उकळणाऱ्या द्रवाच्या आवाजावरून आला असावा असं मानतात. आपलं ‘रटरटणं’ही आवाजावरूनच आलेलं, त्यामुळे दोघांचं चांगलं जमतं.

स्वयंपाकघराबाहेर हाच शब्द दाबलेल्या रागाला वापरतात, ‘सिमरिंग अँगर’ म्हणजे आतल्या आत धुमसणारा संताप. माणसाला ‘सिमर डाउन’ म्हटलं की ‘शांत हो’. पाककृतीत मात्र ‘सिमर डाउन’ आलं तर ते आटवण्याबद्दल आहे.

२. बुडबुडे वाचायला शिका

ही पायरी वाचून सोडून देऊ नका, एकदा करून बघा. एक लिटर साधं पाणी पातेल्यात घ्या, झाकण न ठेवता मध्यम आचेवर ठेवा आणि समोरून हलू नका.

पाणी नुसतं गरम होऊ लागलं की तळाला आणि कडेला टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे चिकटलेले दिसतील. नवशिक्यांची पहिली फसगत इथेच होते. बुडबुडे आले म्हणजे सिमर आलं असं वाटतं, पण ही वाफ नव्हेच. पाण्यात विरघळलेली हवा गरम झाल्यावर बाहेर पडते, तिचे हे बुडबुडे. पाणी अजून उकळीपासून बरंच लांब आहे. इथून वेळ मोजायला लागलात तर पदार्थ हमखास कच्चा राहील.

थोड्या वेळाने पाण्यातून बारीक सूंऽऽ असा आवाज येऊ लागतो. तळाशी आता खरी वाफ तयार होतेय, पण तिचे बुडबुडे वर येता येता गार पाण्यात सापडतात आणि मिटतात. तो आवाज त्यांच्या मिटण्याचा. पृष्ठभाग थरथरतो, वर वाफ दिसते, बुडबुडा मात्र क्वचितच वर येऊन फुटतो. पोच करायला, म्हणजे अंडं किंवा मासा हलक्या हाताने शिजवायला ही अवस्था चांगली.

मग एखाद्या जागेवरून, बहुतेक कडेजवळून, बुडबुड्यांची एक माळ वर येते आणि टप टप फुटते. दोन-तीन ठिकाणी अशा माळा दिसल्या आणि बाकीचा पृष्ठभाग शांत असला की ते ‘जेंटल सिमर’ किंवा ‘बेअर सिमर’. सगळ्या पृष्ठभागावर छोटे बुडबुडे सतत फुटत आहेत पण पाणी उसळत नाही, तर ते नेहमीचं सिमर.

त्यापुढे मोठे बुडबुडे, पाणी वरखाली घुसळतंय, ही खळखळ उकळी. इंग्रजीत तिला ‘रोलिंग बॉइल’ म्हणतात आणि तिची खूण अशी की चमच्याने ढवळलं तरी ती मोडत नाही. हीच खूण उलटी वापरा. सिमर होत असलेलं पाणी एकदा ढवळलंत की बुडबुडे क्षणभर थांबतात आणि काही सेकंदांत परत येतात. थर्मामीटर नसेल तर या ढवळण्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा.

आता प्रश्न येतो, आच वाढवली तर लवकर शिजणार नाही का? उकळी आल्यावर पाण्याचं तापमान पुढे चढत नाही. वरून दिलेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते, आणि वाफ करायला उष्णता फार लागते. एक लिटर पाणी २० अंशांवरून १०० वर न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल पुरतात, पण त्या सगळ्याची वाफ करायला सुमारे २,२५० किलोज्यूल लागतात. म्हणजे खळखळून उकळत ठेवलेलं पातेलं मंद रटरटणाऱ्यापेक्षा जेमतेम काही अंशांनी गरम असतं. तुमचा गॅस मात्र भरपूर जळतो, पाणी आटतं आणि आतले तुकडे एकमेकांवर आपटून फुटतात.

दाट पदार्थात खुणा बदलतात. टोमॅटो सॉस किंवा दाट सूप यांत बुडबुडे माळेने येत नाहीत. एक मोठा बुडबुडा फुगतो, फद्‌ करून फुटतो आणि शिंतोडे उडवतो. असे बुडबुडे दर एक-दोन सेकंदांनी इथेतिथे फुटत असतील तर सिमर ठीक चाललंय. दाट द्रव आपला आपण वरखाली फिरत नाही, त्यामुळे वर शांत दिसलं तरी खाली करपत असू शकतं. दर काही मिनिटांनी तळ खरवडून ढवळा. वर तेलातुपाचा थर असेल तर तो बुडबुडे झाकतो, तेव्हा पळीने बाजूला सारून खाली बघा.

३. उकळी आणा, आच उतरवा, आणि थांबा

बहुतेक पाककृती आधी उकळी आणायला सांगतात, मग सिमर. थेट मंद आचेवर ठेवलं तर गार द्रवाला तापायलाच फार वेळ जातो, म्हणून ही वाट. क्रम असा ठेवा: मध्यम ते मोठी आच, पूर्ण उकळी, आच एकदम निम्म्याहून कमी, मग दोन-तीन मिनिटं नुसतं बघणं. बुडबुडे मेले तर किंचित वाढवा, उसळी राहिली तर आणखी उतरवा. पाच मिनिटांनी परत बघा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी आणखी एकदा. पातेलं, झाकण, आतला पदार्थ हे सगळं तापत जातं तसं सुरुवातीला बरोबर वाटलेलं सिमर हळूच उकळीत जातं. लावून दिलं आणि विसरलं, असं पहिल्या पंधरा मिनिटांत तरी करू नका.

शेगडीप्रमाणे वागणं बदलतं. गॅसची आच लगेच उतरते. विजेची कॉइल किंवा काचेची शेगडी बटण फिरवल्यावरही बराच वेळ तापलेली राहते आणि तेवढ्यात उतू जातं. तिच्यावर दुसरा बर्नर आधीच मंदवर लावून ठेवा आणि उकळी आली की पातेलं उचलून तिकडे न्या. इंडक्शनच्या बऱ्याच शेगड्या कमी आकड्यावर चालू-बंद, चालू-बंद होत राहतात. द्रव थोडा उसळतो, थोडा निवतो. जाड बुडाचं भांडं हे चढउतार बरंच पोटात घेतं.

मध्येच गार पदार्थ घातलात, समजा भाज्या किंवा फ्रिजमधला स्टॉक (हाडं किंवा भाज्या शिजवून गाळलेलं पाणी), तर तापमान खाली येतं. आच जरा वाढवा, बुडबुडे परत आले की पूर्ववत करा आणि वेळ तेव्हापासून धरा.

हाडांचा स्टॉक याला अपवाद. तो गार पाण्यात सुरू करून सावकाश सिमरपर्यंत न्यायचा आणि जोराची उकळी येऊच द्यायची नाही. तापताना प्रथिनं गोठून राखाडी फेस वर येतो, तो झाऱ्याने काढत राहा. उकळी आली की तोच फेस आणि वरची चरबी बारीक होऊन द्रवात मिसळते. मग स्टॉक गढूळ होतो आणि नंतर गाळूनही पुरता निवळत नाही.

४. झाकणाचं ठरवा

पूर्ण झाकण ठेवलं की वाफ आत अडते, उष्णता बाहेर जात नाही आणि त्याच आचेवर सिमरची उकळी होते. म्हणून झाकण घातल्यावर आच आणखी उतरवायलाच हवी. उतू जाण्याच्या बहुतेक घटना या एका विसराळूपणामुळे होतात.

झाकण काढून ठेवलं तर पाणी उडतं, रस दाट होतो, चव एकवटते. अर्धवट, म्हणजे जरा सरकवून ठेवलेलं झाकण हा मधला मार्ग. शिंतोडे अडतात आणि वाफही जाते. पाककृतीत ‘पार्शली कव्हर्ड’ लिहिलेलं असतं ते हेच.

झाकणाबद्दल काहीच लिहिलेलं नसेल तर पुढचं वाक्य वाचा. दाट होईपर्यंत, आटेपर्यंत असं काही असेल तर झाकण नको. मऊ होईपर्यंत असेल आणि रस तेवढाच राहायला हवा असेल तर झाकण घाला. भात शिजवताना ‘कव्हर अँड सिमर’ म्हटलं असेल तर सर्वांत मंद आच, घट्ट झाकण आणि मध्ये उघडून बघणं नाही. तिथे पाणी मोजून घातलेलं असतं आणि अडलेली वाफच काम करते.

५. पाककृतीतली वाक्यं अशी वाचा

‘ब्रिंग टू अ बॉइल, देन रिड्यूस द हीट अँड सिमर फॉर थर्टी मिनिट्स’. यातली तीस मिनिटं उकळी उतरून बुडबुडे स्थिरावल्यापासून. पातेलं शेगडीवर चढवल्यापासून मोजायची नाहीत.

‘ब्रिंग टू अ सिमर’ एवढंच असेल तर उकळी आणूच नका. दुधाचे, क्रीमचे, नाजूक माशाचे पदार्थ असतात तिथे लिहिणाऱ्याने मुद्दाम उकळी टाळलेली असते.

‘जेंटल’, ‘बेअर’, ‘लो’ हे शब्द सिमरच्या आधी लागले की माळेने येणारे मोजके बुडबुडे. ‘ब्रिस्क’, ‘रॅपिड’, ‘व्हिगरस’ लागले की जवळजवळ उकळी, पण उसळी नाही. आटवताना बहुधा हे दुसरे शब्द भेटतात.

‘स्टरिंग ऑकेजनली’ म्हणजे दर पाच-सात मिनिटांनी आणि ‘स्टरिंग फ्रीक्वेंटली’ म्हणजे दर मिनिट-दोन मिनिटांनी, असं मी समजून चालते. ‘कॉन्स्टंटली’ म्हटलं की हात थांबवायचा नाही.

आता सर्वांत जास्त माणसं जिथे चुकतात ते वाक्य: ‘सिमर अंटिल रिड्यूस्ड बाय अ थर्ड’ आणि ‘रिड्यूस्ड टू अ थर्ड’. एका छोट्या शब्दाने निम्मं अंतर पडतं. ‘बाय अ थर्ड’ म्हणजे एक तृतीयांश उडवायचं, ९०० मिलीलिटरचं ६०० उरायला हवं. ‘टू अ थर्ड’ म्हणजे एक तृतीयांश उरवायचं, ९०० चं ३००. पहिल्याच्या जागी दुसरं केलंत तर सॉस खारट आणि चिकट होतो. ‘बाय हाफ’ आणि ‘टू हाफ’ यांत मात्र हा घोळ होत नाही, दोन्हीकडे अर्धंच उरतं.

किती आटलं हे डोळ्यांनी ठरवणं अवघड. सुरुवातीलाच लाकडी चमच्याची दांडी सरळ तळापर्यंत बुडवा आणि ओली झालेल्या जागेवर रबरबँड लावा. नंतर दांडी परत बुडवली की पातळी किती उतरली ते लगेच दिसतं. हे सरळ कडांच्या भांड्यात नीट चालतं, कढईसारख्या गोल भांड्यात फसवतं. घाई असेल तर रुंद तोंडाचं भांडं घ्या, उघडा पृष्ठभाग जास्त तितकं लवकर आटतं. आणि आटवायच्या कोणत्याही पदार्थात मीठ शेवटी घाला. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं.

‘सिमर अंटिल टेंडर’ दिसलं तर घड्याळ दुय्यम. काटा किंवा सुरीचं टोक घुसवून बघा. अडथळा न होता गेलं की झालं, मग पाककृतीतली मिनिटं संपलेली असोत वा नसोत.

६. कशाला सिमर, कशाला नाही

कामकरी स्नायूंचं चिवट मांस सिमरसाठीच असतं. त्यातलं कोलॅजन, म्हणजे मांस बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, गरम पाण्यात हळूहळू मऊ जिलेटिन होतं आणि मांस सुटं, रसाळ लागतं. हा बदल ८० अंशांच्या पुढे बऱ्यापैकी वेगाने होतो, तरी त्याला दीड-दोन तास, कधी तीन तास लागतात. गंमत अशी की त्याच वेळी स्नायूंचे तंतू आकसून पाणी सोडत असतात. म्हणून मध्यावर चाखलंत तर मांस आधीपेक्षा कडक लागेल. तेव्हा धीर सोडून आच वाढवू नका. त्याला अजून वेळ द्या. कोंबडीच्या छातीसारख्या कोवळ्या तुकड्यात कोलॅजन फार नसतं, तो तासभर सिमर केला तर नुसता चोथा उरतो.

बटाटा आणि कंदमुळं गार पाण्यात सुरू करा आणि रटरटत शिजवा. खळखळ उकळीत बाहेरचा भाग फुटतो आणि मधला कच्चा राहतो.

आंबट पदार्थ कधी घालायचा याचा विचार करा. टोमॅटो, व्हिनेगर, लिंबू, वाइन यांच्यातल्या आम्लामुळे भाज्यांच्या आणि कडधान्यांच्या पेशीभिंती मऊ व्हायला वेळ लागतो. बीन्स टोमॅटोत घालून दोन तास सिमर केले तरी टणक राहिले, अशी तक्रार ऐकली की मी पहिल्यांदा हेच विचारते. आधी साध्या पाण्यात मऊ करा, मग आंबट घाला.

राजम्याबाबत जपायलाच हवं. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (एक प्रकारचं प्रथिन) असतं, त्याने जोराच्या उलट्या होतात. मंद आचेवर, उकळीच्या बरंच खाली शिजवलं तर ते पुरतं मोडत नाही. म्हणून किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेकून द्या, ताज्या पाण्यात खळखळून उकळवा आणि नंतरच सिमरवर आणा. पूर्ण उकळीत दहा मिनिटांनी हे लेक्टिन निकामी होतं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सुरक्षित बाजूने तीस मिनिटं सांगतं. स्लो कुकरमध्ये कच्चा राजमा थेट टाकू नका. पाककृतीत नुसतं ‘सिमर द किडनी बीन्स’ लिहिलं असलं तरी ही पायरी तुमची तुम्ही घाला. डब्यातला राजमा शिजवलेला असतो, त्याला हे लागू नाही.

पास्त्याला सिमर नको, उसळती उकळी हवी. हालचाल राहिली नाही तर तो एकमेकांना चिकटतो. दही आणि क्रीम शेवटी, आच उतरवून. नुसत्या अंड्यावर घट्ट होणारं कस्टर्ड सिमरपर्यंत नेलं की फाटतं. कॉर्नफ्लोअरने दाट करायचा सॉस मात्र बुडबुडे येईपर्यंत न्यावाच लागतो, त्याच्या अलीकडे तो पुरता दाट होत नाही. मिनिटभर बुडबुडू द्या आणि उतरवा, फार वेळ ठेवला तर परत पातळ होतो.

७. नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मीठ घातल्याने पाणी लवकर उकळतं का? नाही. मीठ उत्कलनबिंदू उलट वाढवतं, तेही इतकं कमी की एका अंशासाठी लिटरला सुमारे ५८ ग्रॅम मीठ लागेल. तेवढं खारट कुणी खाणार नाही.

उंचावर राहत असाल तर? दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो. १,५०० मीटरवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे तिथली उकळी हेच समुद्रसपाटीचं सिमर. अशा ठिकाणी पाककृतीतला तापमानाचा आकडा गाठायचा हट्ट करू नका. खुणा बुडबुड्यांच्याच धरा आणि वेळ वाढवा. राजम्यासारख्या बाबतीत तर उकळण्याचा वेळही वाढवा.

दोन तास सिमर करायचं ते प्रेशर कुकरमध्ये चालेल का? मऊ करण्यापुरतं चालतं, आणि वेळ बराच वाचतो, कारण पूर्ण दाबाला आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. पण बंद कुकरमध्ये आटत जवळजवळ काहीच नाही. तेव्हा पाणी कमी घ्या आणि मऊ झाल्यावर झाकण उघडून वरचं पाणी आटवा. आटवण्यासाठीच सिमर असेल, तर कुकरचा उपयोग नाही.

८. शेजारची क्रियापदं

‘पोच’ सिमरच्या खाली, ७० ते ८२ अंशांत, बुडबुडे जवळजवळ नाहीतच. ‘स्काल्ड’ बहुधा दुधाबद्दल येतं. कडेला बारीक बुडबुडे आले की उतरवायचं. ‘ब्लांच’ म्हणजे उकळत्या पाण्यात थोडा वेळ आणि लगेच बर्फाच्या पाण्यात. ‘पारबॉइल’ म्हणजे अर्धवट उकडून बाजूला ठेवणं. ‘स्टीप’ म्हटलं की आच बंद, गरम द्रवात नुसतं मुरू द्यायचं. ‘रिड्यूस’ म्हणजे आटवणं, त्याला उघडं भांडं हवं.

‘स्ट्यू’ आणि ‘ब्रेझ’ यांच्या पोटातच सिमर आहे. स्ट्यूमध्ये छोटे तुकडे द्रवात बुडालेले असतात. ब्रेझमध्ये मोठा तुकडा आधी तांबूस भाजतात, मग थोड्या द्रवात, झाकण घालून, शेगडीवर किंवा ओव्हनमध्ये शिजवतात. ओव्हनचा आकडा १५० अंश दिसला म्हणून घाबरू नका. भांड्यात पाणी आहे तोवर आतला द्रव उकळीच्या वर जात नाही. तरी तासाभराने झाकण उचलून बघा, आणि जोरात उकळत असेल तर ओव्हन १०-२० अंशांनी उतरवा.

९. उतरवल्यावर

जाड बुडाचं भांडं बंद केल्यावरही काही मिनिटं रटरटत राहतं. सॉस हवा तितका दाट व्हायच्या जरा आधीच उतरवा. निवताना तो आणखी घट्ट होतो.

मोठं पातेलं तसंच ओट्यावर निवत ठेवू नका. साधारण ६० आणि ५ अंशांच्या मध्ये जंतू भराभर वाढतात, आणि चार-पाच लिटर सूप मध्यभागी कितीतरी तास कोमट राहतं. उथळ भांड्यांत वाटून घ्या, किंवा पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवून ढवळत राहा, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. परत गरम करताना सूप, सॉस, रस्सा यांना नुसत्या सिमरवर सोडू नका. तळापासून ढवळत एकदा खळखळून उकळी आणा, मगच आच उतरवा आणि वाढेपर्यंत मंद रटरटत ठेवा.